तेल्यातलं तेल येतं कुठून? (अण्णांचा प्रश्न आणि जिवाणूची सुई)

बागलाणची लेक

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी नाशकात एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, माहेर सटाण्याजवळ. घरी साडेतीन एकर डाळिंब, सगळं भगवा जातीचं. ज्यांच्याकडे डाळिंब आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गेल्या वर्षी मृग बहार धरला (म्हणजे पावसाच्या तोंडावर फुलं आणली), जुलैअखेर सहा दिवस झड लागून राहिली, आणि सातव्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन. पानांवर तेलकट ठिपके, दोन-तीन फळांवरही. डाळिंबाचा तेल्या रोग.

"तू जिवाणूंची मास्तरीण ना? मग सांग, ह्या डागात तेल येतं कुठून?"

मी सवयीने सुरू केलं, अण्णा, ते तेल नसतं, झँथोमोनास नावाचा जिवाणू असतो... तर म्हणाले, "नाव नको. नाव औषधवाल्यालाही पाठ आहे. तो तिथं बसून करतो काय, ते सांग."

वर्गात हा भाग मी दरवर्षी शिकवते. फळ्यावर आकृती काढते, मुलं वहीत काढतात, परीक्षेत सहा मार्कांना येते. पण बांधावर उभ्या असलेल्या माणसाला फोनवर सांगताना कळलं की आकृतीशिवाय मला काहीच धड सांगता येत नाही. म्हणून इथे लिहून बघते. चुकलं तर कान धरा.

सगळ्यात आधी जे अण्णांना पटेना ते. तेल्याचा जिवाणू डाळिंबाच्या पेशीत शिरतच नाही. पर्णरंध्रांतून, गारेच्या जखमेतून, कात्रीच्या कापातून तो पानात येतो, पण पेशींच्या मधल्या फटींतच राहतो. गल्लीत मुक्काम, घरात पाऊल नाही. आणि तरीही घरातला कारभार त्याच्या मर्जीने चालायला लागतो.

हे त्याला जमतं एका यंत्रामुळे. पुस्तकात त्याचं नाव टाइप थ्री सिक्रीशन सिस्टिम, म्हणजे तिसऱ्या प्रकारची स्रावयंत्रणा. वीस-पंचवीस प्रकारची प्रथिनं जुळून बनलेली एक सुई समजा. जिवाणूच्या दोन्ही आवरणांतून आरपार गेलेली कड्यांची बैठक, आतल्या बाजूला रेटा देणारा पंप, बाहेर पोकळ नळी. माणसांत रोग करणाऱ्या जिवाणूंमध्ये ही नळी साधारण ५० ते ६० नॅनोमीटर लांब असते. आपला केस जाडीला ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे बघा. नळीचं भोक तर जेमतेम दोन-अडीच नॅनोमीटर.

आता खरी गंमत ह्या भोकात आहे. प्रथिन म्हणजे गुंडाळी झालेला धागा, आणि ती गुंडाळी भोकापेक्षा मोठी. सुताचा गुंडा बाटलीच्या तोंडातून आत घालायचा असेल तर काय करू? टोक धरून उलगडत सोडू. जिवाणूही तेच करतो. नळीच्या तळाशी गुंडा उसवायचा, सरळ धागा ढकलायचा, पलीकडे पेशीत गेला की तो आपोआप पुन्हा गुंडाळून कामाला लागतो. बरीचशी प्रथिनं आधीपासून तयार असतात. पाठीराखी प्रथिनं त्यांना धरून बसलेली असतात, अवेळी बाहेर सुटू नयेत म्हणून.

झाडाच्या बाबतीत आणखी एक अडचण. प्राण्यांच्या पेशीला नुसतं पातळ पटल असतं, झाडाच्या पेशीला वरून भित्तिका. ५० नॅनोमीटरची सुई त्यातून कुठली पोचायला! म्हणून झाडांवर जगणाऱ्या जिवाणूंची नळी बारीक आणि लांबच लांब असते, काही मायक्रॉनपर्यंत (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). सुई कसली, सुतळीच. तिच्या जनुकांच्या गटाला प्रयोगशाळेत सगळे 'हार्प' म्हणतात. १९८६ साली स्युडोमोनास जिवाणूत तो पहिल्यांदा हाती लागला. हा गट मोडला की दोन गोष्टी एकदम घडतात. जिवाणू रोग करू शकत नाही, आणि दणकट झाडालाही त्याचा पत्ता लागत नाही. हे दुसरं का, ते खाली येईलच. तेल्याच्या जिवाणूवरही आपल्याकडे काम झालंय. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत त्याच्या सुईतून जाणाऱ्या 'झॉप-एन' नावाच्या एकाच प्रथिनाचं जनुक काढून टाकलं, तर जिवाणू पानात नीट वाढेना. झाड संकट ओळखलं की भित्तिकेला आतून कॅलोज नावाच्या पदार्थाचा गिलावा करतं. झॉप-एन तो गिलावा होऊ देत नव्हता.

आता तेल. अण्णा, ते तेल नाही, पाणी आहे. निरोगी पानात पेशींच्या मधल्या फटींत हवा असते, म्हणून पान उजेडाला धरलं तर एकसारखं हिरवं दिसतं. त्या फटी पाण्याने भरल्या की तो भाग काचेसारखा होतो. कागदावर भज्याचं तेल पडल्यावर जसं दिसतं तसं. आणि हे पाणी पावसाचं नाही, झाडाचंच आहे. २०१६ साली शेंग-यांग हे ('हे' आडनाव आहे) ह्यांच्या गटाने मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर स्युडोमोनास घेऊन दाखवलं की सुईतून जाणाऱ्या प्रथिनांपैकी काहींचं कामच मुळी पेशींबाहेरची पोकळी ओली करणं हे आहे. जिवाणूला फटीत पाणी हवं, त्यात झिरपलेलं अन्न हवं. पण हवा कोरडी ठेवली तर हीच प्रथिनं असूनही डाव साधत नाही, पाणी उडून जातं. दमट हवा आणि सुई, दोन्ही एकत्र आले तरच.

सहा दिवसांची झड, अण्णा.

ते म्हणाले, "म्हणजे चोर गल्लीत बसून घरच्यांनाच नळ सोडायला लावतो." मी वर्गात इतकी वर्षं शिकवतेय, हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

कॉलेजरोड_कट्टा

मॅडम, आकृती काढून सहा मार्क घेणाऱ्यांतला मी एक. सुतळीचा भाग तेव्हा सांगितला असतात तर सहाचे साडेसहा केले असते.

हरणबारी

ताई, माहिती भारी. मी मोसम खोऱ्यातला, बारा वर्षं डाळिंब करतोय, दोनदा बाग काढून पुन्हा लावलीय. आता रोखठोक विचारतो. किडा जर फटीत लपून आतूनच कारभार चालवतोय, तर आम्ही वरून टाक्या ओततो त्या कशाला? ठिपका दिसला की दुकानदार म्हणतो, स्ट्रेप्टो घ्या, सोबत तांबं घ्या, चार दिवसांनी परत या. गेल्या साली माझ्या एकट्याच्या अकरा फवारण्या झाल्या. फळं तरी तडकलीच. वायच्या आकाराची चीर, बघवत नाही.

बागलाणची लेक

@हरणबारी, दादा, ह्या प्रश्नासाठीच धागा काढला असं समजा.

बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किंवा तांब्याचं कुठलंही औषध पानाच्या पृष्ठभागावर असतं. जिवाणू तिथे असेपर्यंत, म्हणजे आत जाण्याआधी, ते त्याला मारतं. एकदा तो फटीत गेला आणि सुई लावून बसला की तांबं त्याच्यापर्यंत जवळपास पोचत नाही. म्हणून ठिपका दिसल्यावर मारलेली तांब्याची फवारणी त्या ठिपक्यासाठी नसते. त्यातून पावसाच्या थेंबाबरोबर उडून शेजारच्या पानावर जाणाऱ्या जिवाणूंसाठी असते. तेवढा उपयोग होतो, नाही असं नाही. पण ठिपका बरा करायचा औषध म्हणून विकत असतील तर तुमची फसवणूक आहे.

म्हणून सगळा जोर आधीच्या कामावर. तोडणी झाली की बागेला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती, छाटणी, रोगट फांद्या आणि फळं जाळून टाकणं (बांधावर नाही हो टाकायची), एक टक्का बोर्डो, कात्री दर झाडागणिक निर्जंतुक. आणि जिथे तेल्या ठाण मांडून आहे तिथे पावसाळ्यात फळ येणारा मृग सोडून हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरताना फुलं धरायची. सोलापूरचं डाळिंब संशोधन केंद्र हेच सांगत आलंय. मी वेगळं काही सांगत नाहीये, फक्त त्यामागे सुईचं कारण आहे हे आता माझ्या डोक्यात बसलं. पाणी आणि सुई एकत्र येऊ द्यायची नाही, तर त्यातलं पाणी आपल्या हातात थोडंफार आहे, बहार बदलून.

स्ट्रेप्टोसायक्लीनबद्दल मात्र माझं मत कडू आहे. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसीन, एक भाग टेट्रासायक्लीन. दोन्ही माणसांची औषधं. अकरा फवारण्या म्हणजे जिवाणूंना अकरा वेळा चाचणी परीक्षा. जे पास होतात ते पुढच्या वर्षी येतात. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतल्या ह्या दोन्हींवर बंदीचा मसुदा काढला तो उगाच नाही.

शंकासूर

लेख रंजक आहे, पण थोडं थांबा. सुई, धागा, गल्ली, चोर. कथा छान जमलीय. पण साठ नॅनोमीटरच्या नळीतून प्रथिन आत गेलं हे पाहिलं कोणी? जिवाणू बाहेर चिकटलेला, प्रथिन त्यानेच सोडलेलं. ते पेशीच्या आत गेलं की नुसतं बाहेरून चिकटलं, हे ठरवणार कसं? पेशी फोडून बघायला गेलात तर बाहेरचं आतलं सगळं एकत्र होणार. मला दृष्टांत नको, पुरावा हवा.

बागलाणची लेक

शंकासूर, तुमच्यासारखा एक तरी विद्यार्थी दर वर्गात असावा. (एकच.)

ही शंका त्या क्षेत्रातल्या लोकांनाही छळत होती. उत्तर १९९४ साली आलं, आणि मला वाटतं सगळ्या कहाणीतला सुरेख प्रयोग हाच. बेल्जियममध्ये ग्वी कोर्नेलिस आणि मारी-पॉल सोरी यांनी प्लेगच्या जिवाणूचा एक चुलतभाऊ घेतला, येर्सिनिया एन्टेरोकोलिटिका. त्याच्या सुईतून जाणाऱ्या प्रथिनाला शेपटी म्हणून दुसऱ्याच जिवाणूचं एक विकर (एन्झाइम) जोडलं. ह्या विकराची खोड अशी की कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन भेटल्याशिवाय ते काम करत नाही. कॅल्मोड्युलिन आपल्या पेशींच्या आत असतं, जिवाणूत नसतं. काम सुरू झालं की एक रसायन साठायला लागतं, ते मोजता येतं.

म्हणजे प्रथिन बाहेर चिकटून राहिलं तर शून्य. जिवाणूतच राहिलं तर शून्य. पेशीच्या आत गेलं तरच आकडा वाढणार. वाढला. सुई नसलेला जिवाणू वापरला, वाढला नाही. कोणी भिंतीपलीकडे गेला की नाही हे कळत नसेल तर त्याच्या खिशात असा नारळ ठेवायचा जो फक्त पलीकडच्या दगडावरच फुटतो. (दृष्टांत नको म्हणालात, पण सवय.)

त्याच वर्षी स्वीडनच्या उमिओमध्ये हान्स वोल्फ-वात्झ यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकाखाली तसंच प्रथिन पेशीच्या आत चमकताना दाखवलं. आणि १९९८ मध्ये कुबोरी, गालान आणि सहकाऱ्यांनी साल्मोनेलामधून ते अख्खं यंत्र सोडवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. खाली कड्या, वर सुई. इंजेक्शनच. उपमा म्हणून सुरू झालेला शब्द चित्रात तसाच निघाला.

शंकासूर

नारळ पटला. पुढे चालू द्या.

काळाराम_गल्ली

प्लेगचा उल्लेख आला म्हणून लिहितो. माझं वय ७४, जन्म पंचवटीतला. आजी सांगायची, उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून गावाबाहेर झोपड्या बांधून राहायचे, दाराला कुलूप सुद्धा लावत नसत. १८९९ च्या प्लेगात इथे भगूरला दामोदरपंत सावरकर (स्वातंत्र्यवीरांचे वडील) गेले, मग त्यांची मुलं नाशकात आली. त्याच्या दोन वर्षं आधी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. आणि मुंबईत हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती.

१९९४ तर मला चांगलंच आठवतं. आधी बीडकडे, मग सुरतेला. आमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये टेट्रासायक्लीन मिळेना, रुमाल बांधून लोक हिंडत होते. आता ताई म्हणतात त्याच १९९४ मध्ये तिकडे युरोपात ह्या सुईचा छडा लागला. योगायोगच.

विचारायचं हे, की सुई तीच, तर झाडाचं फळ तडकतं आणि माणूस तीन-चार दिवसांत जातो, एवढा फरक कशाने?

डॉक्टर_मोड_ऑन

काकांच्या प्रश्नावर मी थोडं बोलतो, माझं क्षेत्र आहे. नाशिकरोडला प्रॅक्टिस.

सुई साधारण तीच, पण तिच्यातून काय टोचलं जातं ते वेगळं. सिरिंज सारखी, औषध निराळं. झँथोमोनास पानात गिलावा अडवणारी, पाणी काढणारी प्रथिनं टोचतो. प्लेगचा जिवाणू सहा-सात प्रथिनं टोचतो, त्यांना योप म्हणतात, आणि टोचतो कुणाला? सरसकट कुठल्याही पेशीला नाही. २००५ मध्ये उंदरांवर पाहिलं तर मुख्यतः न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, डेन्ड्रायटिक पेशी, म्हणजे जंतू गिळायला धावून येणाऱ्याच. एक योप त्या पेशीचा आतला सांगाडा ढासळवतो, तिला गिळताच येत नाही. दुसरा तिच्या आतले निरोप पुसतो. तिसरा धोक्याची घंटा बंद करतो. पोलीस चौकीतच घुसून वायरलेस तोडायचा प्रकार. मग गाठीत जिवाणू बिनबोभाट वाढतात आणि शरीराला जाग येते तेव्हा उशीर झालेला असतो.

आणखी एक. पिसवेच्या पोटात असताना तो ही सुई काढत नाही. पिसवा थंड, आपण ३७ अंश. ३७ अंशाला आलो म्हणजे माणसात किंवा उंदरात आलो, हे त्याला तापमानावरून कळतं, तेव्हा कारखाना सुरू.

पण मला विचाराल तर सगळ्यात बेरकी प्लेगवाला नाही. लहान मुलांना जुलाब लावणारा एक ई. कोलाय आहे. त्याला आतड्याच्या पेशीला घट्ट धरायचंय, पण पेशीवर धरायला खुंटीच नाही. तर हा पठ्ठ्या स्वतःची खुंटी सुईतून पेशीत टोचतो, ती खुंटी पेशीच्या पटलावर जाऊन बसते, आणि मग हा तिला धरतो! १९९७ मध्ये कॅनडात ब्रेट फिनले यांच्या गटाने हे उघड केलं. त्याआधी सगळे ती खुंटी आपल्या पेशीचीच आहे असं समजत होते.

आणि साल्मोनेला. तो आत शिरतोच, पण दार फोडून नाही. एक प्रथिन टोचतो, पेशीच्या कडेला लाटा उठतात, पेशीच त्याला पोटात घेते. आता लाटा उठतच राहिल्या तर पेशी मरेल, ह्याचं घर जाईल. म्हणून त्याच सुईतून दुसरं प्रथिनही दिलेलं असतं, लाटा थांबवणारं. दोन्ही साधारण एकाच वेळी आत जातात. पहिलं पेशीच्या कचरापेटीत लवकर जातं, दुसरं टिकून राहतं. पसारा घालणारा लवकर जातो, आवरणारा मागे राहतो. आमच्या घरी उलटं आहे.

(अवांतर: टायफॉइडही साल्मोनेलाचाच, म्हणून सांगतो. पावसाळ्यात विडाल ही रक्तचाचणी करून 'विडाल पॉझिटिव्ह, टायफॉइड आहे' असं सांगून दहा दिवस सलाइन लावणाऱ्यांपासून सावध. शंका असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करा.)

हरणबारी

डॉक्टरसाहेब, मग ह्या सुईलाच बूच मारता येत नाही का? किडा मरू दे, न मरू दे.

डॉक्टर_मोड_ऑन

अगदी हाच विचार २००३ पासून चाललाय. स्वीडनच्या त्याच गटाने असे रेणू शोधले जे जिवाणूला मारत नाहीत, फक्त सुई बंद पाडतात. तर्क असा की मारलं नाही तर प्रतिकार वाढवायची घाई त्याला कमी राहील. प्रयोगशाळेत चालतात. औषध म्हणून दुकानात अजून एकही आलेलं नाही. प्लेगच्या लशीत मात्र सुईच्या टोकावरचं प्रथिन वापरायचे प्रयत्न बरेच पुढे गेलेत. टोकालाच प्रतिपिंडं चिकटली की टोचणार कसं?

भातखाचर

घोटीकडचा आहे, आमच्याकडे भात. कडाकरपा हा पण ह्याच घराण्यातला का हो ताई? पानाची कड वरून खाली वाळत जाते. आणि तुम्ही वर म्हणालात की सुई मोडली तर दणकट झाडालाही पत्ता लागत नाही, ते राहिलं सांगायचं.

बागलाणची लेक

बरं झालं आठवण केलीत. दोन्हींचं उत्तर एकत्रच आहे.

कडाकरप्याचाही झँथोमोनासच, पण तो आणखी पुढे गेलाय. त्याच्या सुईतून जाणारी काही प्रथिनं थेट पेशीच्या केंद्रकात जातात आणि झाडाच्या डीएनएवर ठरावीक जागी बसून झाडाचंच जनुक चालू करतात. भातात तो असं एक जनुक चालू करतो ज्यामुळे पेशीतून साखर बाहेर सुटते. फटीत बसलेल्याला ताट वाढून मिळतं. हे प्रथिन डीएनएची अक्षरं कशी वाचतं त्याची बाराखडी २००९ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी सोडवली. एक तुकडा, एक अक्षर, इतकं सोपं. मग माणसांनी तेच तुकडे हवे तसे जुळवून जनुकं कापायच्या कात्र्या बनवल्या.

आता झाडाची बाजू. काही भातांत त्या साखरेच्या जनुकाच्या पुढची पाटीच बदललेली असते. प्रथिन येतं, पाटी शोधतं, सापडत नाही, हात हलवत बसतं. २००७ मध्ये आलेल्या सुधारित पुसा बासमती १ मध्ये अशी बदललेली पाटी आणि आणखी एक प्रतिकाराचं जनुक असं दोन्ही संकरातून आणलंय.

दुसरा मार्ग जास्त आडदांड. काही झाडं आत टोचलेलं प्रथिनच ओळखतात, आणि ओळखलं की ती पेशी स्वतःला मारून टाकते. आजूबाजूच्या काही पेशीही. जिवाणू कोरड्या मढ्यांच्या मधोमध अडकतो. म्हणजे सुई ही जिवाणूची ताकद, पण झाडाला त्याची चाहूल लागते तीही सुईमुळेच. म्हणून सुई मोडली की रोगही नाही आणि हा आगडोंबही नाही. १९८६ च्या प्रयोगात दोन्ही गोष्टी एकाच जनुकगटावर येऊन थांबल्या तेव्हा लोक चक्रावले होते.

द्राक्षबाग_दिंडोरी

डाळिंब आणि भाताचं झालं, नाशकात राहून द्राक्षाला विसरलात. आमचा डाऊनी (केवडा रोग) पण सुई टोचतो का?

बागलाणची लेक

डाऊनी जिवाणू नाही, त्याला ही सुई नाही. तो पेशीच्या पटलाला आतल्या बाजूला ढकलत एक फुगा घुसवतो आणि तिथून प्रथिनं सोडतो. धंदा तोच, हत्यार वेगळं. तुमच्याकडे झँथोमोनासचाही एक प्रकार आहे, पानांवर काळे कोनाकोनाचे ठिपके आणि वेलीवर चिरा. तो १९७२ मध्ये आपल्या देशातूनच पहिल्यांदा नोंदला गेला. आणि खोडावर गाठी येतात ना, तो जिवाणू तर प्रथिनाबरोबर डीएनएचा तुकडाच पाठवतो, दुसऱ्याच जातीच्या नळीतून.

बोर्डोबद्दल एक आवडती गोष्ट. फ्रान्समध्ये बोर्दोच्या आसपास रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारायचे, तो रोगासाठी नव्हे. येणारेजाणारे द्राक्षं तोडून खायचे म्हणून, घड विषारी दिसावेत एवढ्यासाठी. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींना डाऊनी नाही. १८८५ मध्ये त्याने ते छापलं.

द्राक्षबाग_दिंडोरी

चोरांसाठीचं औषध! पिंपळगावच्या रस्त्याकडेला माझा प्लॉट आहे, ह्या वर्षी दोन्ही कामांसाठी मारतो.

कॉलेजरोड_कट्टा

मॅडम, एक भर. हुमणी अळीसाठी उसाला जे सूत्रकृमी सोडतात, त्यांच्या पोटात फोटोरॅब्डस नावाचा जिवाणू असतो. तो तर सुट्या सिरिंजाच तयार करून बाहेर सोडतो. २०२३ मध्ये अमेरिकेत फेंग झँग यांच्या गटाने त्या सिरिंजेचं टोक बदलून तिच्याकडून उंदराच्या पेशींत हवं ते प्रथिन पोचवून घेतलं. आमच्या गटाने सेमिनारला हा विषय घेतला होता. तुम्ही रजेवर होतात.

बागलाणची लेक

रजेवर नव्हते रे, माहेरी फांद्या जाळत होते.

काळाराम_गल्ली

एक शेवटचं. कॉलरा पण सुईवालाच का? कुंभमेळा आला की म्हातारी माणसं अजून पटकीचं नाव काढतात.

डॉक्टर_मोड_ऑन

नाही काका. पटकीचं विष आतड्यात सुटं सोडलं जातं, ते पेशीला बाहेरून चिकटतं आणि स्वतःच आत शिरतं. हे विष वेगळं असतं हे कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. नोबेलच्या लायकीचं काम, आयुष्यभर उपेक्षा. पटकीच्या जिवाणूकडे भाल्यासारखं एक यंत्र आहे खरं, २००६ मध्ये सापडलं, पण ते तो बहुतेक शेजारच्या दुसऱ्या जिवाणूंना भोसकायला वापरतो.

बागलाणची लेक

धागा वर काढतेय, अण्णांचा निरोप द्यायला. धागा मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, डॉक्टरांच्या खुंटीच्या गोष्टीला ते जोरात हसले. मृग सोडायचं ठरलं. बागेला ताण देतोय, पानगळ करून हस्त धरणार. खालच्या बाजूची चाळीस झाडं काढून टाकली, ती आठ वर्षांपूर्वी ज्या बागेच्या गुटी कलमांची होती तिथे तेव्हाच तेल्या होता असं आता कळतंय. पैशाचं गणित सध्या विचारू नका.

त्यांचा नवा प्रश्न आलाय. "हा फटीत बसतो ते कळलं. पण पाऊस गेला, पानं गेली, मग उन्हाळाभर राहतो कुठं?" मी म्हटलं, फांदीवरच्या जुन्या डागांत, पडलेल्या पाल्यात, वाळलेल्या फळांत. त्यावर त्यांनी बांधावरचा ढीग आजच हलवायला घेतला.

हरणबारी

ताई, रविवारी सटाण्याला येतोच आहे, अण्णांची बाग बघायची आहे. चालेल का? छाटणी कशी घेतलीय ते बघतो, जमलं तर चार झाडं मीही घेऊन दाखवतो.

बागलाणची लेक

या की, जेवायलाच या. फक्त तुमची कात्री घरी ठेवून या.